यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत स्नायूंचे बळ कसे टिकवावे

लिव्हर सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचे कडक व निकामी होत जाण्याच्या आजाराच्या रुग्णाला प्रत्यारोपणाचा सल्ला मिळतो, तपासण्या पूर्ण होतात, प्रतीक्षायादीत नाव लागते आणि त्यानंतर घरात, शेजारीपाजारी आणि फोनवर एकच वाक्य ऐकू येऊ लागते, ते म्हणजे "आता काही करू नका, पूर्ण आराम करा." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो पाळणाऱ्या रुग्णाचे बळ काही महिन्यांत इतके उतरते की शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत त्याला आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. प्रतीक्षेचा काळ हा शस्त्रक्रियेच्या तयारीचा काळ आहे आणि या तयारीचा मोठा भाग रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या हातात आहे, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले तर पुढचे पुष्कळ नुकसान टळते. ज्यांचे नाव नुकतेच यादीत लागले आहे असे रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक यांच्यासाठी हा लेख आहे. येथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या यकृततज्ज्ञांना विचारूनच सुरू करावी.

यकृत बिघडले असताना स्नायू का झिजतात?

आतड्यांत तयार होणाऱ्या अमोनियाचे युरियात रूपांतर करणे हे यकृताचे एक मुख्य काम आहे. यकृत ते काम पुरेसे करू शकले नाही, तर अमोनिया रक्तात साठू लागतो आणि त्याचा काही भाग स्नायू स्वतःकडे ओढून घेऊन त्याचे ग्लुटामिन बनवतात. म्हणजे दंड-मांड्यांतले स्नायू अशा रुग्णात केवळ हालचालीचे साधन राहत नाहीत, तर ते यकृताचा थोडा भार उचलत असतात. दुर्दैव असे की हाच अमोनिया स्नायूंमध्ये नवी प्रथिने तयार होण्याची क्रिया मंदावतो. त्यातच निरोगी यकृत रात्रीच्या उपाशी तासांसाठी जो साखरेचा साठा बाळगते, तो सिरोसिसमध्ये फार तोकडा असतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत शरीर स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिने मोडून साखर बनवू लागते. निरोगी माणसाच्या शरीराची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जी अवस्था होते, ती सिरोसिसच्या रुग्णात एका रात्रीच्या उपासात होते. भूक मंदावणे, पोटात पाणी झाल्यामुळे दोन घासांतच पोट भरणे, वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणे आणि सततचा थकवा यांची यात भर पडते. या स्नायूक्षयाला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात.

आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी वापरला जाणारा मेल्ड गुणांक बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून काढतात. त्यात स्नायूंचा हिशेब कोठेही येत नाही, त्यामुळे सारखाच गुणांक असलेल्या दोन रुग्णांतील एक शस्त्रक्रियेतून लवकर सावरतो आणि दुसरा आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहतो, असे घडू शकते. सॅन फ्रान्सिस्को येथील यकृततज्ज्ञ जेनिफर लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यासाठी 'लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स' ही पद्धत मांडली. हाताच्या पकडीची ताकद, खुर्चीतून पाच वेळा उठण्याला लागणारा वेळ आणि तीन प्रकारे उभे राहून तोल सांभाळणे, एवढ्याच तीन गोष्टी तीत मोजतात. निष्कर्ष ४.५ किंवा त्याहून अधिक आला तर रुग्ण क्षीण आणि ३.२ पेक्षा कमी आला तर धडधाकट मानला जातो. आपल्या रुग्णालयात ही चाचणी होते का, हे प्रत्यारोपण समन्वयकांना अवश्य विचारावे.

पहिली पायरी: सुरुवातीपूर्वी डॉक्टरांशी बोलणे

व्यायाम करू का, असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही "झेपेल तेवढे चाला" असे मोघम मिळते. त्याऐवजी चार नेमके प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

पहिला प्रश्न अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांचा. सिरोसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिनी शिरेतील दाब वाढलेला असतो आणि व्यायाम चालू असताना तो तात्पुरता आणखी वाढतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी झाली आहे का, शिरा मोठ्या असल्यास त्यांवर बँडिंग (रबरी कडे लावून शिरा बांधणे) झाले आहे का किंवा प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारखी औषधे चालू आहेत का, हे व्यायामाआधी स्पष्ट हवे. दुसरा प्रश्न हृदय आणि फुप्फुसांचा, कारण सिरोसिसमुळे काही रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजन उभे राहिल्यावर वा चालल्यावर घटतो आणि काहींच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. प्रत्यारोपणापूर्वी इकोकार्डिओग्राफी झालेलीच असते, तिचा अहवाल व्यायामाच्या दृष्टीने काय सांगतो ते विचारावे. तिसरा प्रश्न बेंबीजवळच्या किंवा जांघेतल्या हर्नियाचा. चौथा हाडांचा, कारण यकृताच्या जुनाट आजारात हाडे ठिसूळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही ती मोडू शकतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा, की व्यायामाच्या दिवशी मात्रा आणि खाणे यांचा मेळ कसा घालायचा.

दुसरी पायरी: आज आपण कोठे आहोत, हे पाहणे

वजनकाटा या आजारात फसवा ठरतो. पोटात आणि पायांत पाणी साठत असते तेव्हा स्नायू झिजत असूनही वजन तेवढेच राहते किंवा वाढते, आणि घरचे समाधान मानत राहतात. कानशिलांजवळचे खड्डे, वर आलेली गळपट्टीची हाडे, सैल पडलेला दंड आणि बारीक झालेल्या मांड्या या खुणा काट्यापेक्षा जास्त खरे सांगतात. दंडाच्या मध्यावरचा घेर शिवणकामाच्या टेपने महिन्यातून एकदा, त्याच हातावर आणि त्याच जागी मोजून लिहून ठेवावा. पोटाचा सीटी स्कॅन झालेला असेल, तर कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्नायूंचे क्षेत्रफळ त्याच स्कॅनवरून मोजता येते, त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही.

घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयोगी चाचणी खुर्चीची आहे. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीशी घडी घालून घ्यावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर स्नायूंची कार्यक्षमता कमी झाली आहे असे समजतात. हाताची पकड रुग्णालयात छोट्या यंत्राने मोजतात. त्याच निकषांनुसार ती पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे हे अशक्तपणाचे लक्षण आहे. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, ही चाचणीही रुग्णालयातच करावी, आणि ते अंतर २५० मीटरपेक्षा कमी भरले तर घरच्या घरी व्यायाम सुरू न करता फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडच्या घरांत याहून साधी खूणही असते. मांडी घालून जेवायला बसलेला माणूस उठताना हात टेकू लागला, किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, तर मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू उतरले आहेत हे निश्चित समजावे. याच टप्प्यावर कमोडची आणि धरण्यासाठी दांडीची सोय करून घ्यावी, पडल्यावर नव्हे.

तिसरी पायरी: आधी जेवण, मग व्यायाम

पुरेसे न खाता केलेला व्यायाम या आजारात स्नायू वाढवत नाही, तो त्यांना आणखी मोडतो. म्हणून आहाराची घडी बसवूनच व्यायामाला हात घालावा. यकृताच्या आजारातील पोषणाविषयी युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्थूल नसलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज किमान ३५ किलोकॅलरी ऊर्जा आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. येथे वजन धरायचे ते पाणी वजा करून. ते किती धरावे हे आहारतज्ज्ञ सांगतात. समजा ते ६० किलो आहे, तर दिवसाला २१०० किलोकॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतील.

हा आकडा शाकाहारी घरात ऐकला की अशक्य वाटतो, पण मांडणी केली तर तो गाठता येतो. दोन पेले दुधातून सुमारे १३ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, ५० ग्रॅम पनीरमधून ९, मूठभर सोयाबीनच्या वड्यांच्या भाजीतून १३, चार-पाच पोळ्यांतून १३, दोन लहान वाट्या दह्यातून ७ आणि मूठभर बिनमिठाच्या फुटाण्यांतून ६, असे ७५ ग्रॅमच्या आसपास होते. अंडी, मासे किंवा चिकन चालत असेल तर काम आणखी सोपे होते, मात्र कच्चे वा अर्धवट शिजलेले शिंपले-मासे या रुग्णांनी कधीही खाऊ नयेत, कारण त्यातून होणारा जंतुसंसर्ग सिरोसिसमध्ये प्राणघातक ठरू शकतो. सुके बोंबील, खारवलेले मासे, पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ पोटातले पाणी वाढवते, म्हणून ते ताटाबाहेर ठेवावेत. दिवसभरातील एकूण मीठ साधारणपणे पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याएवढे, ठेवायला सांगतात.

आपल्या समाजात काविळीचे म्हणून जे पथ्य चालत आले आहे, त्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. डोळे पिवळे दिसले की डाळ, दूध, तेल, अंडी बंद करून उसाचा रस, मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या सुरू होतात, आणि सिरोसिसच्या रुग्णाला हे पथ्य महिनोन्महिने पाळायला लावले जाते. प्रथिनांमुळे अमोनिया वाढून गुंगी येईल, ही भीती पूर्वी डॉक्टरांच्या मनातही होती आणि त्या काळी प्रथिने तोडली जात. आजच्या मार्गदर्शक सूचना नेमके उलट सांगतात. गुंगीचा त्रास होऊन गेलेल्या रुग्णाचीही प्रथिने तोडू नयेत, कारण स्नायू घटला की अमोनिया निवळण्याची दुसरी जागाही हातची जाते. अशा रुग्णाला डाळी, दूध, दही, सोयाबीन यांतील प्रथिने मांसापेक्षा अधिक सोसतात, एवढाच फरक ध्यानात ठेवावा. जी माउली प्रेमाने मऊ भात भरवते आहे, तिला हे समजावून सांगण्यासाठी तिला एकदा आहारतज्ज्ञांकडे सोबत नेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे.

उपवासांचेही तसेच. संकष्टी, एकादशी, गुरुवार, नवरात्र यांतला कोणताही उपवास या काळात करू नये. दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे राहू नये, आणि झोपण्यापूर्वी न चुकता काहीतरी पोटभरीचे खावे. त्या खाण्यात सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि थोडी प्रथिने असावीत. दोन फुलके दुधात कुस्करून त्याबरोबर एक छोटे केळे, किंवा दूध घालून केलेली नाचणीची घट्ट खीर, एवढे पुरते. मधुमेह असेल तर त्यातील निवड आहारतज्ज्ञांनी करावी, पण रात्रीचे खाणे वगळू नये. सगळ्या उपायांतला एकच निवडायचा झाला, तर मी हा निवडेन, कारण त्याला श्रम लागत नाहीत आणि तो अगदी अशक्त रुग्णालाही त्याच रात्रीपासून सुरू करता येतो.

चौथी पायरी: चालणे

पहिले तीन दिवस काहीही न बदलता मोबाइलवर पावलांची सरासरी पाहावी. तो आपला पाया. त्यानंतर दर आठवड्याला रोजच्या पावलांत सुमारे ५०० ची भर घालत जावे, आणि एखाद्या आठवड्यात झेपले नाही तर मागच्या आकड्यावरच थांबावे. ज्यांना सलग चालता येत नाही त्यांनी दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या आवारात चालावे आणि दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवावे. हळूहळू आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास चालणे हे उद्दिष्ट असावे, मग तो अर्धा तास तुकड्यातुकड्यांत झाला तरी हरकत नाही.

वेग किती असावा, हे ठरवण्यासाठी मनगटी घड्याळातील नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये, कारण प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल ही औषधे ठोके मुळातच कमी ठेवतात. बोलण्याची कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे वेग योग्य आहे.

वेळ निवडताना औषधांचा विचार करावा. पाणी उतरवण्याच्या गोळ्या सकाळी घेतल्यावर पुढचे काही तास लघवीला वारंवार जावे लागते आणि लॅक्ट्युलोज हे पोट साफ ठेवणारे औषध घेणाऱ्यांना शौचाची घाई होते. या अडचणीपायी अनेक जण चालणेच सोडून देतात, म्हणून संध्याकाळची वेळ ठरवलेली बरी. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत भर दिवसा बाहेर चालणे टाळावे, कारण पाणी उतरवण्याच्या गोळ्या चालू असताना घाम फार गेला तर रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अनवाणी किंवा सपाता घालून चालू नये. मागे पट्टा असलेली, पकड चांगली असलेली पादत्राणे वापरावीत आणि पायांना सूज असेल तर ती सैल असावीत.

पाचवी पायरी: ताकदीचे व्यायाम

केवळ चालण्याने स्नायूंचे आकारमान फारसे वाढत नाही. त्यासाठी स्नायूंना भार द्यावा लागतो. डेन्मार्कमध्ये सिरोसिसच्या रुग्णांकडून १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा भाराचे व्यायाम करून घेण्यात आले, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद आणि स्नायूंचे आकारमान दोन्ही वाढल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याआधी २०१४ मध्ये कॅनडातील अभ्यासात आठ आठवड्यांच्या सायकलच्या व्यायामाने दमसास वाढला आणि मांडीच्या स्नायूंची जाडीही वाढली. हे रुग्ण तुलनेने स्थिर प्रकृतीचे होते आणि व्यायाम देखरेखीखाली झाले, हे मात्र विसरू नये. ज्यांचा आजार पुढच्या टप्प्यात आहे त्यांनी याच मार्गाने, पण पुष्कळ हळू जावे.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस व्यायाम करावा आणि दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा. सत्राच्या तासभर आधी काहीतरी खाल्लेले असावे. पहिला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा, कारण शस्त्रक्रियेनंतर सर्वांत आधी लागणारी हालचाल तीच आहे. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून जमिनीवर टेकवावेत, थोडे पुढे झुकावे, श्वास सोडत उठावे आणि बसताना धप्पकन न बसता तीन आकडे मोजत खाली यावे. हे बसणे सावकाश करण्यातच व्यायामाचा अर्धा लाभ आहे. उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी किंवा हातांचा आधार घ्यावा, आणि काही आठवड्यांनी तो आधार कमी करावा.

दुसरा व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलण्याचा. तिसरा भिंतीवरचे जोर काढण्याचा, ज्यात भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या पातळीवर भिंतीला टेकवायचे आणि कोपरे वाकवत छाती भिंतीकडे न्यायची. चौथा खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यात सरळ करून पाच आकडे तसाच धरण्याचा. पाचवा अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातांत घेऊन कोपर वाकवण्याचा, आणि रबरी पट्टा मिळाला तर तो दाराच्या कडीला अडकवून स्वतःकडे ओढण्याचा, कारण पाठीचे स्नायू बाटलीने फारसे वापरले जात नाहीत. प्रत्येक व्यायाम आधी पाच वेळा करावा, तो सहज जमू लागला की दहापर्यंत न्यावा, मग दोन फेऱ्या, मग तीन, आणि त्यानंतरच भार वाढवावा. शेवटच्या दोन वेळांना कष्ट पडावेत, पण हालचाल बिघडू नये.

श्वास रोखून जोर लावणे ही एकच गोष्ट कटाक्षाने टाळायची आहे. श्वास रोखल्याने पोटातील दाब एकदम चढतो, आणि तो हर्नियाला आणि फुगलेल्या शिरांना घातक आहे. म्हणून प्रत्येक जोर लावताना मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप सुटत राहतो. पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर, नातवंड उचलणे हेही याच कारणासाठी वर्ज्य समजावे.

सत्राच्या शेवटी तोल सांभाळण्याचा सराव करावा. ओट्याजवळ उभे राहून पावले एकमेकांना जुळवून दहा सेकंद, मग एक पाऊल अर्धे पुढे ठेवून दहा सेकंद, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद उभे राहावे. फ्रेल्टी इंडेक्सच्या चाचणीतही हीच तीन आसने असतात.

पोटात पाणी, गुंगी आणि रक्तस्राव

जलोदर असलेल्या रुग्णाने व्यायाम सोडू नये, त्याचे स्वरूप बदलावे. पोट ताणलेले असते तेव्हा दम लवकर लागतो, पुढे वाकता येत नाही आणि उताणे झोपून व्यायाम करणे नकोसे होते. अशा दिवसांत बसून करायचे व्यायाम आणि थोडे थोडे चालणे पुरे. पोटातील पाणी काढले त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर त्यानंतरच्या हलक्या दिवसांचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा, कारण त्या दिवसांत भूकही सुधारते आणि हालचालही सुलभ होते. बेंबीचा हर्निया असेल तर पोटपट्टा वापरावा की नाही, हे शल्यचिकित्सकांनीच ठरवावे.

हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे अमोनियामुळे येणारी गुंगी आणि भ्रम, ही नेहमी ठळकपणे येत नाही. दिवसा झोप आणि रात्री जाग, शर्टाची बटणे चुकणे, सहीचे वळण बदलणे, हात पुढे धरले असता पंजे फडफडणे ही तिची सुरुवातीची चिन्हे आहेत. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावावीत. दहासुद्धा सांगता आली नाहीत, तर डॉक्टरांना कळवावे. असा त्रास होऊन गेलेल्या रुग्णाने एकट्याने व्यायाम करू नये, जिन्यावर सराव करू नये, आणि लॅक्ट्युलोजने दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होत आहे याची खात्री करूनच सत्र सुरू करावे. बद्धकोष्ठ झालेल्या दिवशी व्यायामापेक्षा औषधाकडे लक्ष देणे महत्त्वाचे.

बँडिंग नुकतेच झाले असेल, तर ताकदीचे व्यायाम पुन्हा कधी सुरू करायचे हे त्याच डॉक्टरांना विचारावे. काळे, डांबरासारखे शौच, रक्ताची उलटी, १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, ताप नसला तरी पोटात नव्याने सुरू झालेले दुखणे, छातीत दुखणे, घेरी येणे किंवा बसल्या जागी दम लागणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम तर थांबवावाच, पण वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाचा ताप हा त्या पाण्यातील संसर्गाचा असू शकतो, आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

पिंडऱ्यांत पेटके येणे ही सिरोसिसमधली नित्याची तक्रार आहे. पायाचा पंजा स्वतःकडे ओढून पोटरीला ताण दिल्याने तेवढ्यापुरता आराम पडतो. पेटके वारंवार येत असतील तर रक्तातील क्षारांची तपासणी करून घ्यावी.

योग, जिम, वेदनाशामक आणि पावडरी

अनुलोम-विलोम, खांदे-मानेच्या हालचाली, खुर्चीत बसून करायची आसने ही उपयुक्त आहेत. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, सर्वांगासन, नौकासन यांत पोटातील दाब वाढतो किंवा डोके खाली जाते, म्हणून ती या काळात करू नयेत. योगशिक्षकांना आपला आजार स्पष्ट सांगावा.

व्यायामाने अंग दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणणे ही सर्वांत धोकादायक चूक आहे. या गोळ्या सिरोसिसच्या रुग्णाची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि रक्तस्राव घडवू शकतात. त्यामानाने पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेतच घ्यावे. जिममध्ये मिळणाऱ्या स्नायू वाढवण्याच्या पावडरी, तसेच 'लिव्हर साफ करणारे' काढे आहारतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ यांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. करोनाच्या काळात घरोघरी घेतल्या गेलेल्या गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

तारीख ठाऊक असणे आणि नसणे

भारतात बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. दाता घरातलाच असेल तर शस्त्रक्रियेचा सुमार आधी कळतो आणि मधले आठवडे ठरवून वापरता येतात. आठ ते बारा आठवडे मिळत असतील, तर वरील क्रम त्यात बसतो. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव असेल, तर बोलावणे कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तेथे मोठ्या उद्दिष्टापेक्षा रोजचे सातत्य मोलाचे. मध्येच रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तेथेही डॉक्टरांना विचारून पलंगाच्या कडेवर बसणे, पाय सरळ करणे आणि वॉर्डात चार पावले टाकणे चालू ठेवावे, आणि घरी आल्यावर आधीच्या निम्म्यावरून पुन्हा सुरुवात करावी.

एक साधी वही ठेवावी. तारीख, पावले, खुर्चीतून उठण्याची संख्या, रात्रीचे खाणे झाले का, शौच किती वेळा झाले आणि सकाळचे वजन, एवढेच तिच्यात लिहावे. ओपीडीत डॉक्टरांचा वेळ थोडा असतो, आणि वहीचे एक पान त्यांना दहा प्रश्नांची उत्तरे देते.

शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टकडून आणखी तीन गोष्टी शिकून घ्याव्यात. पहिली, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरने खोल श्वास घेणे. दुसरी, पोटावर उशी घट्ट धरून खोकणे, म्हणजे टाक्यांवर ताण न येता कफ निघतो. तिसरी, सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळून, पाय पलंगाखाली सोडून, हाताच्या रेट्याने उठणे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांतच फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पलंगावरून खाली उतरवतात. त्या वेळी वेदना आणि औषधांची गुंगी असताना या गोष्टी नव्याने शिकणे कठीण जाते, म्हणून त्या आताच रोज दोन-तीनदा करून अंगवळणी पाडाव्यात, आणि शुश्रूषा करणाऱ्यानेही त्या शेजारी उभे राहून पाहून ठेवाव्यात.